शंभरांतील उरलेले पाच



आजच्या विषयाची पाटी वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. युनियनचा माणूस, त्याने बोनसवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. देवी आणि गोवर यांच्याशी त्याचा काय संबंध? शंका रास्त आहे. आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा नववीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर, पाळी संपल्यानंतर. परंतु एका साथरोगतज्ज्ञाच्या आयुष्याविषयी मिळेल तेथून वाचीत गेलो आणि वाचता वाचता असे वाटू लागले की, ह्या गृहस्थाचे काम आणि आमचे काम फारसे निराळे नाही. तोही शंभरांतील किती आपल्या बाजूला आले हे मोजतो, आम्हीही मोजतो. आणि मोजण्यात कोठे फसगत होते हे त्याने जसे दाखविले, तसे आम्हांला कोणी दाखविले नव्हते.

त्या माणसाचे नाव डॉ. विल्यम फेगी. जन्म १९३६ सालचा, अमेरिकेतील आयोवा प्रांतात. वडील लुथरन पंथाचे धर्मोपदेशक. पंधराव्या वर्षी कमरेच्या सांध्याच्या दुखण्याने मुलगा कित्येक महिने प्लास्टरमध्ये पडून होता, तेव्हा आफ्रिकेत दवाखाना चालविणाऱ्या अल्बर्ट श्वाइट्झर यांच्याविषयी त्याने वाचले आणि आफ्रिकेत जावयाचे मनाने घेतले. कॉलेजच्या दिवसांत उन्हाळ्याच्या सुट्टीत तो जंगलातील वणवे विझविणाऱ्या टोळ्यांतून काम करी. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा उपयोग आहे. १९६१ साली तो डॉक्टर झाला, मग अमेरिकेच्या साथरोग नियंत्रण केंद्रात दोन वर्षे उमेदवारी केली, हार्वर्डला सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९६५ साली पूर्व नायजेरियात मिशनच्या कामावर रुजू झाला.

आता त्या वेळची स्थिती पाहू. देवीचा रोग तेव्हा तीसहून अधिक देशांत ठाण मांडून होता. मोठ्या देवीच्या शंभर रोग्यांपैकी सुमारे तीस मरत. वाचत त्यांतील कित्येकांच्या चेहऱ्यावर व्रण राहत, काहींचे डोळे जात. आपल्या आजीच्या पिढीतल्या बायका देवीचे नावसुद्धा जपून घेत. लस मात्र दीडशे वर्षांपूर्वीच सापडलेली होती. एडवर्ड जेन्नरने १७९६ साली पहिली टोचणी केली आणि १८०२ साली ती मुंबईत पोहोचलीही होती. तरी रोग जात नव्हता. त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचा उपाय असा की, शंभरांतील निदान ऐंशी माणसांना लस टोचावी. म्हणजे रोगाची साखळी तुटेल.

हा ऐंशीचा आकडा कोठून आला? हिशेब सोपा आहे. देवीचा एक रोगी साधारणपणे पाच जणांना रोग देतो असे धरा. त्या पाचांपैकी चार जणांना लस टोचलेली असेल, तर रोग फक्त एकालाच होईल. एकाचा एक, म्हणजे साथ वाढणार नाही. चारांहून अधिक सुरक्षित असतील, तर एकाचा एकही होणार नाही आणि साथ आपोआप विझेल. गोवराचा रोगी बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. म्हणून तेथे ऐंशीने भागत नाही, पंचाण्णव लागतात. ह्यालाच शास्त्रज्ञ सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणतात. आम्ही आमच्या भाषेत तिला एकजूट म्हणू.

ह्या एकजुटीचा एक गुण असा की तिचा लाभ सभासद नसलेल्यालाही मिळतो. युनियनने पगारवाढीचा करार केला की वर्गणी न भरणाऱ्याच्या पाकिटातही वाढ पडते. तो फुकट खातो म्हणून आम्ही कुरकुरतो. लशीच्या बाबतीत मात्र हे फुकटचे छत्र फार मोलाचे आहे. गोवराची पहिली लस आपल्याकडे मूल नऊ महिन्यांचे झाले म्हणजे टोचतात. सहा महिन्यांच्या तान्ह्या बाळाने काय करावे? कर्करोगाच्या उपचाराने ज्याची शक्ती संपली आहे अशा मुलाने काय करावे? त्यांना लस देता येत नाही. त्यांचे रक्षण आजूबाजूच्या पंचाण्णव जणांनी करावयाचे असते. शेजारणीने आपल्या मुलाला टोचून घेतले तर आपले बाळ वाचते, असा हा व्यवहार आहे.

येथवर सर्व ठीक. परंतु ह्या हिशेबात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे आणि तीच आजच्या बोलण्याचा मुद्दा आहे. हिशेब असे मानतो की, लस न घेतलेली माणसे समाजात पिठातल्या मिठासारखी सारखी मिसळलेली आहेत. प्रत्यक्षात तशी ती नसतात.

१९६७ साली नायजेरियातील अबाकालिकी नावाच्या गावात हे दिसून आले. गावातील बहुतेक लोकांना लस टोचून झाली होती. तरीही एप्रिलमध्ये देवीची साथ निघाली. बत्तीस जण आजारी पडले आणि त्यांतील तीस जण एकाच धर्मपंथाचे होते. ह्या पंथाचे लोक औषध आणि लस दोन्ही नाकारीत, आवारांत दाटीने राहत, एकत्र प्रार्थना करीत. गावाची सरासरी पाहिली तर गाव सुरक्षित. पण त्या पंथापुरता पाहिला तर लशीचा फारसा पत्ता नाही. देवीला सरासरी वाचता येत नाही. ती एका माणसाकडून त्याच्या शेजाऱ्याकडे जाते, एवढेच तिला ठाऊक.

बंधूंनो, आम्ही एका संपाला पाठिंबा द्यावयास गेलो होतो, त्याची येथे आठवण होते. कारखान्यातील दहापैकी नऊ कामगार युनियनचे सभासद होते. फौंड्री शंभर टक्के, मशीनशॉप शंभर टक्के. पुढारी खुशीत. उरलेला दहावा हिस्सा मात्र सगळाच्या सगळा पॅकिंग खात्यात होता. ते कंत्राटी कामगार, त्यांच्याकडे पावतीपुस्तक घेऊन कोणी गेलेच नव्हते. संपाच्या तिसऱ्या दिवशी गोदामातला माल भरून ट्रक गेटाबाहेर पडू लागले. नव्वद टक्के सभासद गेटावर उभे राहून ते ट्रक मोजीत होते. कोणी म्हणाले, पॅकिंगवाल्यांनी दगा दिला. त्यांना दगा देण्यासाठी आधी कोणी आपले म्हटले होते काय?

ही झाली साथ कोठून शिरते त्याची गोष्ट. ती थांबवावी कशी, हे फेगींना त्याच्या काही महिने आधीच सापडले होते, आणि तेसुद्धा टंचाईमुळे. ४ डिसेंबर १९६६ रोजी ओगोजा भागातील एका मिशनऱ्याकडून बिनतारी यंत्रावर निरोप आला की तेथे देवी दिसत आहेत. साऱ्या भागाला पुरेल एवढी लस जवळ नव्हती आणि लवकर येण्यासारखीही नव्हती. मग आहे ती कोठे वापरावी? फेगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नकाशा पसरला. त्या भागातील मिशनरी रोज संध्याकाळी ठरल्या वेळी यंत्रावर एकमेकांशी बोलत. त्यांना सांगितले की, आपापल्या भागातील गावोगाव माणसे धाडा आणि देवीचा रोगी कोठे आहे ते कळवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत रोगाची गावे नकाशावर आली. तेथे सर्वांना लस टोचली. मग विचार केला, ह्या गावांचे लोक बाजाराला कोठे जातात? सोयरिकी कोठे आहेत? आम्ही रोगाच्या जागी असतो तर पुढे कोठे गेलो असतो? त्या जागी लस आधीच पोहोचविली. काही आठवड्यांत साथ थांबली. भागातील फार थोड्या लोकांना, जेमतेम सहा-सात माणसांत एकाला, लस मिळाली होती.

वणवा विझविणाऱ्याची हीच रीत. सबंध जंगलावर पाणी ओतता येत नाही. आग जेथे आहे तेथे जाऊन तिच्याभोवतीचे जळण काढून घ्यावयाचे. देवीच्या रोगात हे साधते, कारण तो रोग लपत नाही. अंगावर फोड दिसतात. ताप चढेपर्यंत रोगी दुसऱ्याला रोग देत नाही. संसर्ग झाल्यावरही तीन-चार दिवसांत लस टोचली तर बहुधा माणूस वाचतो. म्हणून रोग्याभोवती लशीचे कडे घालता येते. ह्या पद्धतीने पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील वीस देशांच्या मोहिमेतून १९७० च्या मेअखेरीस देवी नाहीशा झाल्या.

फेगींच्या उंचीचा एक किस्सा सांगतात. गृहस्थ सहा फूट सात इंच. नायजेरियातील एका गावच्या प्रमुखाने दवंडी पिटविली की, जगातील सर्वांत उंच माणूस पाहावयाचा असेल तर उद्या बाजारात या. हजारो लोक जमले आणि सर्वांना लस टोचून झाली! माणसे गोळा करण्याची कला त्या प्रमुखाला अवगत होती. आमच्या गेट मीटिंगला असा एखादा वक्ता मिळता तर बरे झाले असते.

आता आपल्या देशाकडे येऊ. भारताने १९६२ साली देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. लस टोचणारे उन्हातान्हात फिरत, कोट्यवधी टोचण्या झाल्या. आपल्या मराठी मुलखाला लागून असलेल्या बेळगावच्या संस्थेत लस तयार होई. पुढे उष्णतेत टिकणारी सुकी लसही तेथे होऊ लागली. काही ठिकाणी कागदावरचा टोचण्यांचा आकडा लोकसंख्येच्या जवळ जाऊन पोहोचला. पण देवी गेल्या नाहीत. कारण काय? टोचणाऱ्याला आकडा द्यावयाचा असे. मग तो शाळेत जाई. तेथे मुले रांगेत सापडतात. त्याच मुलांना पुन्हा पुन्हा टोचले की रकाना भरतो. शेतावर गेलेली बाई, तिच्या कडेवरचे मूल, स्टेशनाबाहेर झोपणारा हमाल, विटभट्टीवरचे कुटुंब, ही माणसे रांगेत येत नाहीत. त्यांना हुडकावे लागते आणि हुडकण्याचा रकाना तक्त्यात नव्हता.

१९७३ साली फेगी दिल्लीला आले. भारत सरकारचे डॉक्टर आणि जागतिक आरोग्य संघटनेचे डॉक्टर यांनी मिळून ठरविले की आधी शोध घ्यावयाचा. ऑक्टोबरात उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये आरोग्यसेवक गावोगाव फिरले. हातात देवी आलेल्या बाळाचे चित्र असलेले कार्ड. ते बाजारात, शाळेत, चहाच्या दुकानात दाखवावयाचे आणि विचारावयाचे, असे कोणी पाहिले आहे का? शाळेची मुले सर्वांत खरी बातमी देत. दोन्ही राज्ये मिळून जवळजवळ दहा हजार नवे रोगी सापडले. दफ्तरी नोंद होती त्यापेक्षा कितीतरी पट अधिक! अनेकांना वाटले, मोहीम फसली. खरे म्हणजे पहिल्यांदाच खरा आकडा हाती आला होता. कारखान्यात तपासणी केल्यावर अपघातांची संख्या वाढलेली दिसते, तेव्हा मॅनेजर घाबरतो. अपघात वाढलेले नसतात. लपविणे कमी झालेले असते.

१९७४ चे वर्ष मोठे कठीण गेले. त्या वर्षी भारतात देवीचे १ लाख ८८ हजार रोगी नोंदले गेले. मे महिन्यात बिहारमध्ये आठवड्याला हजारोंनी रोगी सापडत होते. त्याच महिन्यात, ८ तारखेला, देशभरच्या रेल्वे कामगारांचा संप सुरू झाला होता, उन्हाळा भडकलेला, राज्यात राजकीय आंदोलन. बिहारच्या आरोग्यमंत्र्यांचा धीर सुटला. त्यांनी बैठकीत सांगितले की, हे शोधाशोधीचे पुरे, आता सर्व जनतेला सरसकट लस टोचा. तेव्हा एक भारतीय डॉक्टर उठून उभा राहिला. त्याने सांगितल्याचा आशय असा होता की, आमच्या खेड्यात एखाद्या घराला आग लागली तर सगळे त्याच घरावर पाणी टाकतात. सगळ्या घरांवर सारखे पाणी वाटीत बसत नाहीत. मंत्र्यांनी आणखी एक महिन्याची मुदत दिली. त्या महिन्यात आकडा उतरू लागला. फेगींनी पुढे आपल्या पुस्तकाला जळत्या घराचेच नाव दिले.

ह्याच काळात जमशेदपूरची गोष्ट घडली. जमशेदपूर म्हणजे कामगारांचे शहर. तेथे मजूर येतात, आजारी पडले की टाटानगर स्टेशनावर गाडीत बसून घरी जातात. १९७४ मध्ये ह्या एका स्टेशनावरून देवी कितीतरी जिल्ह्यांत आणि परराज्यांत पोहोचल्या. पुढे कंपनीने माणसे, गाड्या आणि पैसा देऊन आजूबाजूच्या भागातील मोहिमेला हात दिला, हेही सांगितले पाहिजे. पण मूळ प्रश्न कोणता? परगावचा मजूर शहराला काम देतो, शहर त्याला आपल्या पटावर घेत नाही. तो आजारी पडला की त्याच्या वाट्याला तिकीट येते. मग त्याचा रोग त्याच्याबरोबर गावी जातो आणि तेथून पुन्हा कोणाच्या तरी अंगावर शहरात येतो.

रोगी सापडल्यावर करावयाचे कामही शहाणपणाचे होते. घराच्या दाराशी पहारेकरी बसवीत, येणाऱ्याला लस टोचीत; घरातील कर्त्या माणसाला बाहेर पडावे लागू नये म्हणून शिधा पोहोचविण्याचीही तजवीज करीत. घरात बसून राहा असे मजुराला सांगणे सोपे असते; त्या दिवसाची मजुरी कोण देणार हे ज्याने विचारात घेतले त्याचेच ऐकले जाते. बातमी देणाऱ्यास सरकारने बक्षीस ठेवले. ते वाढत वाढत हजार रुपयांवर गेले. आपल्यापैकी ज्येष्ठ मंडळींना भिंतींवर रंगविलेल्या त्या जाहिराती आठवत असतील. २४ मे १९७५ रोजी आसामात भारतातील देवीचा शेवटचा रोगी नोंदला गेला. पुढे दोन वर्षे शोध चालू ठेवून १९७७ च्या एप्रिलमध्ये देश देवीमुक्त झाल्याचा दाखला मिळाला आणि १९८० च्या मे महिन्यात साऱ्या जगाविषयी तशी घोषणा झाली.

येथे एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. त्या शेवटच्या घाईत काही गावांत जबरदस्ती झाली. रात्री दारे फोडून, माणसांना धरून लस टोचल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. रोग गेला हे खरे, पण जोर करून घेतलेला सभासद किती दिवस टिकतो हे आम्ही जाणतो. ज्याच्या दंडाला धरून टोचले, तो पुढच्या खेपेला आपले मूल घेऊन शेतात लपतो. लसीकरण एकदाच्या टोचणीने संपत नाही. दर वर्षी आपल्या देशात दोन कोटींवर बालके जन्मतात, आणि प्रत्येक बालकाच्या आईशी पुन्हा नव्याने बोलावे लागते. तेथे विश्वासाशिवाय दुसरे भांडवल नाही.

फेगी १९७७ ते १९८३ अमेरिकेच्या साथरोग नियंत्रण केंद्राचे संचालक होते. १९८४ साली त्यांनी युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि इतर मोठ्या संस्थांना एका टेबलाशी बसवून जगातील बालकांच्या लसीकरणाचे काम अंगावर घेतले. तेव्हा जगातील बालकांपैकी सुमारे पाचव्या हिश्शाला नेहमीच्या लशी मिळत. १९९० पर्यंत तो आकडा ऐंशीच्या आसपास गेला. आपल्या देशातही १९८५ साली सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि गोवराची लस खेड्यापाड्यांत जाऊ लागली.

आता आपण विचाराल, देवी गेल्या, मग ही जुनी कथा आज कशाला? कारण गोवर गेलेला नाही. आणि गोवर देवीपेक्षा लबाड आहे. अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून तो पसरतो. म्हणजे रोगी ओळखेपर्यंत उशीर झालेला असतो. त्याच्याभोवती कडे घालून भागत नाही. येथे आधीपासूनच सगळीकडे पंचाण्णव असावे लागतात. शिवाय टोचली म्हणजे शक्ती आली, असेही नाही. नवव्या महिन्यात दिलेली गोवराची लस शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी बालकांत लागू पडते. समजा शंभरांपैकी नव्वद बालकांना ती मिळाली. तर सुरक्षित झाली ती फक्त शहात्तर-सत्त्याहत्तर. म्हणून दुसरी लस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची. पोलिओच्या बाबतीत वेल्लोरचे डॉ. टी. जेकब जॉन यांनी हेच दाखविले होते की, परदेशात तीन मात्रांनी जे काम होते ते आपल्या बालकांत तीन मात्रांनी होत नाही, अधिक मात्रा लागतात. कार्डावरचा शिक्का ही व्याप्ती झाली. रक्तात काय उतरले ती प्रतिकारशक्ती. दोन्ही निरनिराळ्या मोजाव्या लागतात. वर्गणीची पावती फाडली म्हणजे माणूस संपात उतरेलच असे थोडेच आहे?

परंतु ह्याच पोलिओवर आपण विजय मिळविला. १९९५ च्या डिसेंबरात पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली, आणि १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यातील एका बालिकेनंतर देशात निसर्गातील पोलिओचा रोगी झाला नाही. शेवटच्या टप्प्यात काय केले? कोसी नदीच्या पुरात वेढलेल्या वस्त्यांत होड्या नेल्या, स्टेशनांवर आणि धावत्या गाड्यांत मुलांना डोस पाजले, विटभट्ट्या आणि बांधकामे यांच्या याद्या केल्या. रांगेत न येणाऱ्या माणसांसाठी प्रथमच रकाना तयार केला.

आता आजचा आकडा पाहा. एकही लस न मिळालेली बालके भारतात २०२३ साली सुमारे १६ लाख होती. २०२४ साली ती ९ लाखांवर आली असा जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा अंदाज आहे. प्रगती मोठी आहे, तिचे श्रेय आशाताईंना आणि नर्सबाईंना आहे. दोन कोटींवर बालकांत नऊ लाख म्हणजे शंभरांत चार. ऐकावयास किती बरे वाटते! पण हे चार कोठे आहेत? ते आपल्यात सारखे विखुरलेले असते तर काळजी नव्हती. ते एका वस्तीत, एका पालात, एका नाल्याकाठी एकत्र आहेत. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवराची साथ आली, ती गोवंडीच्या दाट वस्तीतून डोके वर काढून. बालके दगावली. मुंबईची सरासरी त्यांच्या कामी आली नाही.

आपल्याच तालुक्यात साखर कारखान्याच्या हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. उचलीच्या हिशेबाच्या कामी आम्ही तेथे जात असतो. एका कोपीत तापाने फणफणलेले मूल पाहून आईला विचारले, बाई, ह्याला लशी दिल्या आहेत का? ती म्हणाली, "भाऊ, गावाकडं नर्सबाई येती तवा आमी हिकडं असतो. हिकडं कुनी आलंच, तर आमी फडात." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, तिने फक्त वेळापत्रक सांगितले. ती अडाणी नव्हती, लशीला विरोधही करीत नव्हती. गावाच्या यादीत तिचे मूल गैरहजर म्हणून आणि आपल्या यादीत ते मुळी नाहीच. दोन्ही याद्या आपापल्या परीने पूर्ण आहेत.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. शहराची टक्केवारी जाहीर झाली की टाळ्या वाजविण्यापूर्वी एक प्रश्न विचारा: उरलेले कोण आणि ते कोठे राहतात? नगरपालिकेत आपण निवडून दिलेली माणसे आहेत, त्यांना प्रभागवार आकडे मागा. बांधकामे, विटभट्ट्या, कोप्या यांची वेगळी यादी मागा. सरकारी केंद्रात लस फुकट आहे आणि कोणत्याही गावच्या मुलाला ती मिळते. हे आपल्या दारी काम करणाऱ्या गवंड्याला, धुणेवालीला सांगा. ठेकेदार असाल तर लशीच्या दिवशी आईची हजेरी कापू नका. आशाताईला फडावर संध्याकाळी जाता यावे म्हणून वाहनाची आणि जादा मोबदल्याची मागणी आम्ही युनियनतर्फे केलेली आहे. तिला नागरिकांनीही पाठिंबा द्यावा.

हे आपण त्या बाईवर उपकार म्हणून करावयाचे नाही. तिच्या मुलाला टोचलेली लस आपल्या घरच्या सहा महिन्यांच्या नातवाच्या कामी येणार आहे, हा हिशेब मघाशी आपण मांडलाच. संघटनेच्या पहिल्या धड्यात आम्हांला शिकविले होते की सभा भरली म्हणजे आधी कोण आले नाही ते पाहावे. डॉ. फेगींनी आयुष्यभर तेच पाहिले. आपण निदान आपल्या गावापुरते पाहू या.